फिल्म स्कॅन कडेला सॉफ्ट येतो: आधी उंची मोजा, मग बाक काढा

तक्रार नेहमीची आहे. निगेटिव्ह भिंगाखाली खणखणीत दिसते, स्कॅन मात्र सॉफ्ट येतो. कधी फ्रेमचा मधला भाग ठीक असतो आणि कोपरे गेलेले असतात, कधी उलटं, कधी एकच बाजू पुसट. सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग वाढवलं की फिल्मचे दाणे (ग्रेन) टोचायला लागतात, पण हरवलेला तपशील काही परत येत नाही. मग फिल्म दाबायला काच विकत घेतली जाते, काचेमुळे वलयं येतात, वलयं घालवायला आणखी एक काच येते.

हा खर्च करण्याआधी एवढंच नक्की करा: फिल्म चुकीच्या उंचीवर बसली आहे, की ती वाकलेली आहे? स्क्रीनवर दोन्ही दोष जवळपास सारखेच दिसतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे. साध्या फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर, दोष बहुधा उंचीचा निघतो. कॅमेऱ्याने स्कॅन करताना किंवा खास फिल्म स्कॅनरवर तो बहुधा बाकाचा निघतो.

निदान

सगळ्या चाचण्या शार्पनिंग, डस्ट रिमूव्हल आणि ग्रेन रिडक्शन बंद ठेवून करायच्या. चाचणीची फ्रेम ठळक दाण्यांची, म्हणजे ४०० आयएसओची कृष्णधवल असेल तर उत्तम. फोटोतली वस्तू मुळातच फोकसबाहेर असू शकते, दाणे मात्र सगळीकडे सारखेच असतात. त्यामुळे तपासायचं ते दाण्यांवर, चेहऱ्यावर किंवा झाडांवर नाही. २४०० किंवा ३२०० पीपीआयवर (इंचाला तेवढे पिक्सेल) स्कॅन करा, १०० टक्के मोठं करा आणि मध्य व चार कोपरे अशा पाच जागा पाहा.

पाचही जागी दाणे सारखेच पुसट असतील तर उंची चुकली आहे. मध्य आणि कडा यांत फरक असेल तर फिल्म वाकलेली आहे. डावीकडून उजवीकडे हळूहळू बिघडत जात असेल तर होल्डर तिरका आहे, एखादा पाय नीट बसलेला नाही किंवा काचेवर कचरा आहे.

एकच कोपरा खराब असेल तर पट्टी होल्डरमध्येच १८० अंश फिरवून पुन्हा स्कॅन करा. खराब भाग स्कॅनरच्या त्याच जागी राहिला तर दोष होल्डरचा किंवा यंत्राचा. चित्राबरोबर सरकला तर दोष फिल्मच्या बाकाचा, नाहीतर मूळ फोटोचाच. मूळ फोटो तपासायला १० पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. लाइटबॉक्सवर तोच कोपरा पाहिला की तो फोटो घेतानाच सॉफ्ट होता का ते कळतं, आणि तसं असेल तर पुढचं वाचायची गरज उरत नाही.

फिल्म सपाट आहे का हे पाहायला ट्यूबलाइट पुरते. फिल्म होल्डरमध्ये लावा, चकचकीत बाजू वर करून तिरकी धरा आणि ट्यूबचं प्रतिबिंब पाहा. सपाट फिल्मवर ट्यूब सरळ दिसते. आडवा बाक असेल तर ती धनुष्यासारखी होते आणि पट्टीची टोकं उचललेली असतील तर टोकाशी मुडपते. अर्धा मिलिमीटर पोकसुद्धा यात ओळखू येतो. दर पट्टीला हे करायला दहा सेकंदं लागतात, आणि फसलेल्या स्कॅनची अर्धी वेळ वाचते.

उंची: फ्लॅटबेडवर पहिला संशयित

एप्सन व्ही६००, व्ही७००, व्ही८५० या स्कॅनरांना ऑटोफोकस नाही. लेन्स एका ठराविक उंचीवर पक्की केलेली असते आणि ती उंची काचेच्या पृष्ठभागापासून साधारण ३ मिमी वर धरलेली आहे. साधारण हा शब्द इथे महत्त्वाचा. एकाच मॉडेलच्या दोन यंत्रांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज सापडतो, आणि वर होल्डरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं वापरून वाकलेलं असतं ते वेगळंच.

व्ही७०० आणि व्ही७५० च्या होल्डरचे छोटे खूर काढून, फिरवून बसवता येतात आणि त्यातून अंदाजे २.५, ३ आणि ३.५ मिमी अशा तीन उंच्या मिळतात. व्ही८०० आणि व्ही८५० मध्ये पाय सरकवून उंची बदलते. व्ही६०० च्या होल्डरला अशी काहीच सोय नाही, तिथे कागदाच्या चकत्या लावाव्या लागतात.

व्ही७००, व्ही८०० मालिकेत आणखी एक सापळा आहे. या यंत्रांत दोन लेन्स आहेत. सॉफ्टवेअरमध्ये ‘होल्डरसह फिल्म’ हा पर्याय निवडला तर जास्त क्षमतेची, काचेच्या वर फोकस होणारी लेन्स चालते. ‘एरिया गाइड’ निवडला की दुसरी लेन्स चालू होते आणि तिचा फोकस काचेच्या पृष्ठभागावरच असतो. होल्डर लावून चुकून दुसरा पर्याय निवडला तर कितीही सपाट फिल्म सॉफ्टच येणार. कागदासाठीच्या स्कॅनिंगलाही हीच दुसरी लेन्स वापरली जाते, म्हणून फुटपट्टी स्कॅन करून फोकसची उंची शोधण्याचा प्रयत्न इथे फसतो.

खरी उंची काढायला उतार करा. लागणारं सामान: सूक्ष्मदर्शकाची ७५ मिमी लांब काचपट्टी, दाणेदार निगेटिव्हचा टाकाऊ तुकडा, पारदर्शक टेप आणि ७५ जीएसएमचा ए४ कागद. या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते, म्हणजे १० कागदांचा १ मिमी. एकाच रिममधले कागद घ्या.

१. निगेटिव्हचा तुकडा काचपट्टीच्या खालच्या बाजूला ताणून, दोन्ही टोकांना टेपने चिकटवा. मध्ये पोक राहता कामा नये.

२. काचपट्टीचं एक टोक स्कॅनरच्या काचेवर टेकवा. त्या टोकापासून बरोबर ६० मिमीवर, पट्टीखाली ६० कागदांच्या कापलेल्या चकत्यांचा गठ्ठा ठेवा. आता दर १० मिमी लांबीला १ मिमी उंची वाढते.

३. पट्टी काचेच्या मधोमध, स्कॅनरचा दांडा ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेत ठेवा. आडवी ठेवली तर उंचीबरोबर लेन्सचा मध्य आणि कडा यांतला फरकही मिसळतो.

४. ‘होल्डरसह फिल्म’ निवडून २४०० पीपीआयवर स्कॅन करा. काचेच्या वरच्या टोकाची कॅलिब्रेशनची खिडकी मोकळी हवी. ती झाकली गेली तर स्कॅनवर उभ्या रेषा येतात किंवा स्कॅनर थांबतो.

५. दाणे सर्वांत टोकदार असलेला पट्टा शोधा. २४०० पीपीआयला १ मिमी म्हणजे साधारण ९४ पिक्सेल. टेकलेल्या टोकापासून त्या पट्ट्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मिमीमध्ये काढा आणि १० ने भागा. ३४ मिमीवर पट्टा आला तर फोकस ३.४ मिमी उंचीवर आहे.

आता होल्डरमधली फिल्म त्या उंचीवर आणायची. कमी पडत असेल तर होल्डरच्या चारही कोपऱ्यांखाली कागदाच्या सारख्या चकत्या ठेवा: ३ कागद, ५ कागद, ८ कागद, आणि प्रत्येक वेळी तीच फ्रेम. कोणता स्कॅन चांगला हे डोळ्यांना ठरवता येत नसेल तर तिन्हींमधून एकच चौकोन कापून एकाच दर्जाच्या जेपीईजीत साठवा. ज्याची फाइल मोठी तो जास्त शार्प, कारण बारीक तपशील दाबून लहान करता येत नाही. एक्स्पोजर मात्र हाताने पक्कं केलेलं हवं, नाहीतर ही तुलना फसते. उंची ठरली की कागद काढून तेवढ्याच जाडीचा प्लास्टिकचा तुकडा चिकटवा. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि फुगतो.

अपेक्षाही जागेवर ठेवलेली बरी. खोक्यावर ६४०० लिहिलेलं असलं तरी व्ही७००, व्ही८५० यांच्याकडून प्रत्यक्षात साधारण २३०० पीपीआय इतकाच तपशील मिळतो आणि व्ही६०० कडून त्याहून बराच कमी. उंची साधल्यावरही ३५ मिमीच्या निगेटिव्हवर दाणे सुईसारखे टोकदार येत नसतील, तर तिथे यंत्राची मर्यादा संपली.

फिल्म वाकते कशी

फिल्मचे दोन मुख्य थर असतात. खाली प्लास्टिकचा पाया, वर जिलेटिनचं इमल्शन. जिलेटिन हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ओल कमी झाली की ते आकसतं, पाया तितका आकसत नाही, म्हणून फिल्म इमल्शनच्या बाजूला आत वळते, उन्हात घातलेल्या पापडासारखी. हा आडवा बाक. दुसरा उभा बाक म्हणजे रिळात गुंडाळून राहिल्याची सवय, आणि पट्टीची दोन्ही टोकं उचलली जातात ती याच्यामुळे.

३५ मिमी कृष्णधवल फिल्मचा ॲसिटेट पाया साधारण ०.१३ मिमी जाड असतो, १२० ची (मीडियम फॉरमॅटची) फिल्म सहसा त्याहून पातळ आणि वर रुंद. त्यामुळे ६×६, ६×७ सेंमीच्या निगेटिव्ह जास्त त्रास देतात. शीट फिल्मचा पॉलिएस्टर पाया ०.१८ मिमीच्या घरात असतो आणि ती बहुतेक सपाटच राहते.

हवेचा हिशेब इथूनच सुरू होतो. ३० ते ५० टक्के आर्द्रतेत फिल्म सर्वांत शहाण्यासारखी वागते. मे महिन्यात अकोला, नागपूरकडे दुपारची हवा २० टक्क्यांच्या आसपास जाते तेव्हा तीच पट्टी पन्हाळीसारखी वळते. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत ८५-९० टक्के ओलीत ती आपोआप सरळ होते, पण जिलेटिन मऊ पडतं, काचेला चिकटतं आणि सतत ६० टक्क्यांच्या वर राहिलं तर बुरशी धरतं. बुरशीच्या भीतीने निगेटिव्हच्या डब्यात सिलिका जेल भरून ठेवण्याची चाल आहे. जेल जास्त झालं तर डब्यातली हवा कोरडीठाक होते आणि आपणच बाक तयार करतो. डब्यात आर्द्रतामापक ठेवा, काटा ४०-४५ वर राखा आणि स्कॅनिंगच्या आधी पट्ट्या तासभर खोलीच्या हवेत कव्हरमध्येच राहू द्या.

घरी डेव्हलप करणाऱ्यांनी सुकवण्याकडे लक्ष द्यावं. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंट (पाण्याचे डाग पडू न देणारं द्रावण) फोटो-फ्लोसारखा असेल तर १ लिटरला ५ मिली, म्हणजे १:२०० इतकाच, पाणी डिस्टिल्ड. खालच्या टोकाला वजनदार क्लिप लावून साध्या हवेत लटकवा. हेअर ड्रायरने घाई केली तर वरचा थर आधी आकसतो आणि तो बाक पुढे आठवडाभर जात नाही.

काच न वापरता सपाट करणं

पूर्ण सुकलेली ताजी फिल्म कापून स्वच्छ कव्हरमध्ये घाला आणि जाड पुस्तकांखाली ४-५ किलो वजनाने आठ-दहा दिवस ठेवा. बहुतेक ३५ मिमी पट्ट्या एवढ्यावर सरळ होतात. हवा दमट असेल तर प्लास्टिकच्या कव्हरवर असं वजन ठेवू नका. मऊ जिलेटिन प्लास्टिकला टेकून राहतं आणि त्यावर चकचकीत डाग उमटतात, जे स्कॅनमध्ये दिसतात आणि पुसले जात नाहीत.

घाई असेल तर उलटी गुंडाळी. इमल्शन बाहेरच्या बाजूला ठेवून, सैल, फिल्मच्या डबीपेक्षा लहान नसलेल्या वेटोळ्यात, मध्ये स्वच्छ मऊ कागद घालून रात्रभर ठेवायची. १२० च्या ताज्या फिल्मवर हे चांगलं चालतं. जुन्या, कोरड्या, कडक झालेल्या फिल्मवर करू नका. ओर्वो किंवा इंदू या जुन्या ब्रँडच्या चाळीस वर्षांच्या निगेटिव्हला उलटं वळवलं की इमल्शन तडकतं. इस्त्री, गरम तवा, उन्हात ठेवलेली काच या सगळ्या युक्त्या निगेटिव्हच्या मुळावर येतात.

होल्डरमध्ये लावताना दिशा बदलून पाहा. एप्सनच्या पद्धतीत चकचकीत बाजू खाली, इमल्शन वर असते. अशा स्थितीत आत वळलेली फिल्म मध्ये खाली लोंबते आणि स्वतःच्या वजनाने आणखी लोंबते. इमल्शन खाली केलं की तीच फिल्म कमानीसारखी वर उचलली जाते आणि वजन तिला थोडी दाबून धरतं. चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, ते सॉफ्टवेअरमध्ये आडवं फिरवून घ्यायचं. पट्टीच्या दोन्ही टोकांना, चित्राबाहेरच्या कोऱ्या जागेवर, सहज निघणारी टेप लावून हलकेच लांबीत ताणलं तर आडवा बाकही थोडा उतरतो.

पट्टीची पहिली आणि शेवटची फ्रेम नेहमी जास्त उचलते, कारण तिथे धरायला पुढे फिल्मच नसते. म्हणून फिल्म कापताना सुरुवातीचा आणि शेवटचा कोरा भाग फेकून न देता पट्टीलाच राहू द्या. महत्त्वाची फ्रेम कधीही पट्टीच्या टोकाला येऊ देऊ नका.

काच, आणि काचेबरोबर येणारी वलयं

बाक एवढ्याने गेला नाही तर काच. फिल्मवर ठेवायची २ मिमी जाडीची काच कोणत्याही काचवाल्याकडे कापून मिळते. होल्डरच्या खाचेचं माप व्हर्नियरने घ्या, दोन्ही बाजूंनी १ मिमी कमी सांगा आणि चारही कडा घासून घ्या. ६२×२०० मिमीच्या अशा पट्टीचं वजन साधारण ६२ ग्रॅम भरतं, आणि कमान वर करून ठेवलेली १२० ची फिल्म दाबायला ते पुरतं.

साध्या काचेची अडचण म्हणजे न्यूटनची वलयं. फिल्मची चकचकीत बाजू आणि काच यांच्यात प्रकाशाच्या तरंगलांबीइतकी पातळ हवेची फट उरते. दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि तेलाच्या तवंगासारखे पट्टे उमटतात. आकाश, भिंत, धुकं अशा सपाट रंगांच्या भागात ते लगेच दिसतात. डिजिटल आइससारखं धूळ काढणारं तंत्र ही वलयं काढत नाही.

यावरचा इलाज म्हणजे अँटी-न्यूटन काच. तिची एक बाजू अगदी बारीक खरखरीत केलेली असते, त्यामुळे सलग पातळ फट तयारच होत नाही. ही बाजू फिल्मच्या चकचकीत बाजूला टेकली पाहिजे. इमल्शन स्वतःच थोडं खडबडीत असतं, ते साध्या काचेला टेकलं तरी सहसा वलयं येत नाहीत. म्हणजे फ्लॅटबेडवरची बरोबर रचना अशी: इमल्शन खाली, चकचकीत बाजू वर, तिच्यावर अँटी-न्यूटन काचेची खरखरीत बाजू. बाकाची दिशा पाहिली तरी हीच रचना योग्य ठरते, कारण काच नेमकी कमानीवर दाब देते. खरखरीत बाजू ओळखायला काच तिरकी धरून दिव्याचं प्रतिबिंब पाहा. जिथे ते किंचित पसरतं ती खरखरीत.

फोटोफ्रेमवाल्याकडची नॉन-ग्लेअर काच याला पर्याय नाही. तिचा खरखरीतपणा जाडाभरडा असतो आणि ३५ मिमीच्या आकाशावर दाण्यांसारखा पोत उमटतो. मुंबईच्या चोर बाजारात किंवा बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानात जुना एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायचं यंत्र) मिळाला तर त्याच्या निगेटिव्ह धरणाऱ्या कॅरिअरमध्ये अस्सल अँटी-न्यूटन काच असण्याची चांगली शक्यता असते. व्ही८०० आणि व्ही८५० च्या होल्डरांत तशीच पट्टी कंपनीकडूनच येते. ती प्लास्टिकची आहे, तिला स्पिरिट किंवा काच पुसायचं द्रावण लावू नका.

तात्पुरता उपाय हवा असेल तर साध्या काचेखाली ०.१-०.२ मिमी जाड काळ्या कागदाची चौकट ठेवा. काच फक्त चित्राबाहेरच्या कडांवर टेकते, मध्ये फट राहते. फिल्म थोडीच वाकलेली असेल तर वलयं जातात; जास्त पोक असेल तर मध्य पुन्हा काचेला टेकतो.

काच फिल्मच्या खाली घालायची असेल तर फोकसचा हिशेब बदलतो. लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आलेली काच फोकसची जागा आपल्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश इतकी पुढे सरकवते. २ मिमी काचेला ते जवळपास ०.६७ मिमी. म्हणजे फोकस आधी ३ मिमीवर असेल तर आता फिल्म ३.६७ मिमीवर हवी, आणि काच नुसती बेडवर ठेवून तिच्यावर फिल्म ठेवली तर ती २ मिमीवरच आहे. ‘दोन काचांत सँडविच करून पाहिलं, आणखी सॉफ्ट आलं’ या तक्रारीमागे हेच गणित असतं. वर ठेवलेल्या काचेने फोकस हलत नाही, म्हणून एकच काच वापरायची तर वर.

दोन काचा म्हणजे धूळ बसायला चार नवे पृष्ठभाग, हेही लक्षात असू द्या. आणि पावसाळ्यात फिल्म काचेखाली ठेवून जेवायला जाऊ नका.

कॅमेऱ्याने स्कॅन करताना

मॅक्रो लेन्सने ३५ मिमीची फ्रेम फुलफ्रेम सेन्सरवर १:१, म्हणजे मूळ आकारातच, घेताना, ०.०१ मिमीचा ठिपका शार्प धरला तर एफ/८ छिद्राला (ॲपर्चर) फोकसची एकूण खोली ०.३२ मिमी भरते. एफ/५.६ ला ती ०.२२ वर येते. एफ/११ ला ०.४४ मिळते खरी, पण १:१ ला प्रत्यक्षातलं छिद्र एफ/२२ इतकं होतं आणि विवर्तनाने (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच किंचित मऊ पडतं. अर्धा मिलिमीटर पोक आलेली पट्टी यातल्या कशातच बसत नाही. म्हणून इथे सपाटपणा पहिला.

६×६ ची पूर्ण निगेटिव्ह एकाच शॉटमध्ये घेतली तर मॅग्निफिकेशन ०.४३ वर येतं आणि एफ/८ ला खोली १.२ मिमीच्या आसपास जाते. तिथे थोडा बाक खपून जातो. तीच निगेटिव्ह १:१ तुकड्यांत घेऊन जोडायची ठरवली की पुन्हा ०.३२ वर आलात.

आधी कॅमेरा फिल्मला समांतर करा. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत स्टँड हलवा. स्पिरिट लेव्हलपेक्षा हे जास्त अचूक आहे. इमल्शन लेन्सकडे, फोकस लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून दाण्यांवर. फिल्म थोडी वाकलेली असेलच तर फोकस मध्यावर न घेता मध्य आणि कोपरा यांच्या मधल्या जागी घ्या, चूक दोन्हीकडे वाटली जाते.

होल्डर निवडताना फिल्मच्या दोन्ही लांब कडा पूर्ण लांबीत धरल्या जातात का ते पाहा. काही कॅरिअरमध्ये फिल्मची वाट चित्राच्या आधी आणि नंतर मुद्दाम वळवलेली असते, त्या वळणाने आडवा बाक उतरतो. नुसती खाच असलेले स्वस्त होल्डर वाकलेल्या फिल्मपुढे निकामी.

फिल्म स्कॅनर आणि स्लाइड

प्लस्टेकच्या ३५ मिमी यंत्रांत फोकस पक्का असतो, त्यामुळे तिथे फिल्म सरळ करण्याखेरीज हाती फारसं काही नाही. होल्डर मात्र घट्ट मिटतो का ते बघा. निकॉन कूलस्कॅनमध्ये ऑटोफोकस आहे, पण त्याच्या एलईडी प्रकाशामुळे फोकसची खोली कमी पडते. ४००० आणि ५००० वर पट्टी ओढणाऱ्या फीडरऐवजी स्लाइड अडॅप्टरमध्ये एफएच-३ होल्डर वापरला तर ३५ मिमीच्या कडा चांगल्या येतात. ९००० वर १२० साठी काचेचा एफएच-८६९जी आणि बिनकाचेचा एफएच-८६९एस यांत फरक कोपऱ्यांत लगेच दिसतो.

पुठ्ठ्याच्या माउंटमधली स्लाइड उबेने अचानक विरुद्ध बाजूला फुगते. फोकस घेतल्यावर ती हलली तर अर्धा स्कॅन शार्प, अर्धा नाही असं दिसतं. स्लाइड आत घालून दोन-तीन मिनिटं थांबा, मग फोकस घ्या. तरीही जमलं नाही तर ती माउंटमधून काढून अँटी-न्यूटन काचेच्या माउंटमध्ये बसवा.

द्रवात बसवणं

मोठ्या प्रिंटसाठी एखादीच फ्रेम हवी असेल तेव्हा. वेगळ्या स्वच्छ काचेवर स्कॅनिंगसाठी मिळणारा द्रव सोडायचा, इमल्शन काचेकडे करून फिल्म ठेवायची, वर पुन्हा द्रव आणि त्यावर पातळ पॉलिएस्टरची पारदर्शक शीट, मग मधून कडांकडे बुडबुडे सारायचे. फिल्म सपाट होते, वलयं जातात आणि पाठीवरचे बारीक ओरखडे भरून निघतात. द्रव ज्वालाग्राही असतो: खिडक्या उघड्या, गॅस आणि उदबत्ती बंद. स्कॅनरच्या बेडवर थेट ओतू नका, काचेच्या कडेतून आत उतरला तर यंत्र उघडावं लागतं. पाणी हा याला पर्याय नाही. जिलेटिन फुगतं आणि मग फिल्म पुन्हा धुऊन सुकवावी लागते.

सपाट होणार नाही अशी फिल्म

जुन्या ॲसिटेट निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरचा वास येत असेल तर पायाच सडतो आहे. पाया आकसतो, इमल्शनला घड्या पडतात, कडा लाटांसारख्या होतात. हा बाक दाबून जात नाही, काचेखाली दाबलं तर इमल्शन सुटतं. असा डबा बाकीच्या निगेटिव्हपासून लगेच वेगळा करा, कारण ती वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते. स्कॅन लवकर करा आणि तो कॅमेऱ्याने करा: फिल्म सैल ठेवून, फोकस ०.२ मिमीच्या पायऱ्यांनी वरून खाली नेत पाच-सहा शॉट घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे शार्प भाग एकत्र करा. एक्स्पोजर सगळ्या शॉटना एकच, आणि शॉट घेताना फिल्मला हात लावायचा नाही.